होम थिएटरचा आवाज मनासारखा येत नाही? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होम थिएटर जोडून देणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हा माझा धंदा. विश्रामबागेतल्या फ्लॅटपासून तासगावच्या मळ्यातल्या बंगल्यापर्यंत फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. घाई असेल तर आपला प्रश्न तेवढा वाचा, पण ७ वा प्रश्न सगळ्यांनी वाचावा.

१. दुकानात ऐकला तेव्हा आवाज झकास होता, घरी आणल्यावर अगदीच फिका वाटतो. पीस बदलून मागू का?

थांबा. पेटी खराब निघणं क्वचित होतं. दुकानात तुम्हाला निवडलेली क्लिप ऐकवतात, आवाज मोठा ठेवतात आणि तुम्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभे असता. दोन आवाजांतला जरासा मोठा असलेला कानाला चांगला वाटतो, ही माणसाच्या कानाची जुनी खोड आहे. घरी तुम्ही केबलवरची मालिका लावता, सोफा एका कोपऱ्यात असतो आणि एक स्पीकर फुलदाणीच्या मागे.

आधी रिमोटवर किंवा मेनूमध्ये ‘टेस्ट टोन’ शोधा. तो लावला की एकेका स्पीकरमधून आळीपाळीने फुसफुस आवाज येतो. प्रत्येक स्पीकर वाजतो का, नाव येतं तिथूनच वाजतो का, आणि सगळे साधारण सारख्या जोराने वाजतात का, एवढं बघा. डाव्याचं नाव आल्यावर उजवा वाजला तर मागच्या पिना अदलाबदल झाल्या आहेत. एखादा अजिबातच वाजला नाही तर त्याची वायर चांगल्या वाजणाऱ्या स्पीकरला लावून बघा. तिथेही गप्प बसला तर वायर किंवा मशीन, तिथे वाजला तर मूळ स्पीकर. टेस्ट टोन सगळीकडून नीट आला, तर दुकानात जायचं कारण उरत नाही. दोष सिग्नलमध्ये, मांडणीत किंवा खोलीत आहे, आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्याबद्दलच आहेत.

२. मागचे दोन स्पीकर वाजतच नाहीत. पैसे फुकट गेले का?

टेस्ट टोनमध्ये ते वाजले असतील तर ते ठणठणीत आहेत. ५.१ म्हणजे पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला सेंटर, मागचे दोन सराउंड, आणि ‘.१’ म्हणजे फक्त खालच्या सुरांचा, १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा मार्ग, जो सबवूफरकडे जातो. हे सहा मार्ग मूळ कार्यक्रमातच वेगवेगळे भरलेले असावे लागतात. बातम्या, मालिका, यूट्यूबवरची बहुतेक गाणी आणि जुने मराठी चित्रपट दोनच मार्गांचे किंवा एकाच मार्गाचे असतात. तिथे मागचे स्पीकर गप्प बसतात ते बरोबरच करतात.

खऱ्या ५.१ चित्रपटातही मागून सतत आवाज येत नाही. पाऊस, गर्दी, मागून येणारी गाडी एवढ्यापुरताच येतो. तरीही सगळीकडून वाजायला हवं असेल तर रिमोटवर ‘डॉल्बी सराउंड’, ‘प्रोलॉजिक’ किंवा ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ असे मोड असतात. पहिले दोन दोन मार्गांचे पाच करतात, तिसरा एकच गाणं सगळ्या स्पीकरांत वाजवतो. घरच्या हळदीकुंकवाला तिसरा चालतो. चित्रपटाला लावू नका.

३. ओटीटीवर ५.१ असं लिहिलेलं दिसतं, पण होम थिएटरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी’ येत नाही. असं का?

सिग्नल वाटेत कुठेतरी दोन मार्गांचा होतोय. कुठे, ते जोडणीवरून कळतं.

हेडफोनच्या भोकातून किंवा लाल-पांढऱ्या पिनांतून जोडलं असेल तर विषय संपला. त्या वाटेने फक्त स्टिरिओ जातो. ऑप्टिकल केबलने डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हे दाबून बसवलेले ५.१ जातात, न दाबलेला ५.१ जात नाही. एचडीएमआयने जोडायचं तर टीव्हीच्या ज्या पोर्टवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय त्याच पोर्टला जोडायचं. बाकीची पोर्टं आवाज बाहेर सोडत नाहीत, फक्त आत घेतात. निम्म्या घरांत वायर शेजारच्या पोर्टला असते.

मग टीव्हीच्या साउंड मेनूत जा. ‘डिजिटल आउटपुट’ किंवा अशा काहीशा नावाखाली ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर ते ‘ऑटो’, ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ करा. पीसीएमवर टीव्ही ऑप्टिकल आणि साध्या एआरसीतून दोनच मार्ग सोडतो. एआरसीसाठी आणखी एक खटका चालू लागतो, त्याला सॅमसंग ‘अ‍ॅनीनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिंपलिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. तो बंद असेल तर एआरसी मुकं राहतं. ओटीटीसाठी साधं एआरसी पुरतं. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेवरच्या मोठ्या, न दाबलेल्या आवाजासाठी. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चित्रपट लावला तर बहुतेक वेळा स्टिरिओच मिळतो. तोच चित्रपट टीव्हीतल्या अ‍ॅपवर लावून बघा.

४. माझं लोकल मेकचं आहे. पाच स्पीकर, मोठा वूफर, एफएम, पेनड्राइव्ह सगळं आहे. त्यात ५.१ येईल ना?

मागची बाजू बघा. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय भोक नसेल तर त्यात डिकोडर, म्हणजे भरलेले सहा मार्ग उलगडणारा भाग, नाही. पाच स्पीकर आहेत म्हणून ५.१ होत नाही. आतला बोर्ड दोन मार्गांचा आवाज पाच ठिकाणी वाटून देतो. मागे सहा पिनांची जागा असेल तर मात्र आशा आहे. ऑप्टिकल घेऊन सहा पिना बाहेर देणारा ५.१ डिकोडर वेगळा मिळतो, तो टीव्ही आणि मशीनच्या मध्ये बसवता येतो. त्यानंतर प्रश्न ३ मधलं टीव्हीचं सेटिंग करावं लागतंच. पेटीवर छापलेले वॉट कितीही असोत, त्याबद्दल प्रश्न १९ वाचा.

५. पेनड्राइव्हवरचा चित्रपट दिसतो, पण आवाज शून्य.

फाइलमधला आवाज बहुधा डीटीएसमध्ये आहे आणि तुमच्या टीव्हीला डीटीएस येत नाही. बऱ्याच टीव्हींना येत नाही. पेनड्राइव्ह थेट होम थिएटरच्या प्लेअरला लावा, किंवा त्या फाइलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक आहे का ते बघा. स्पीकरचा यात काही संबंध नाही.

६. आमचा हॉल दहा बाय बारा आहे. स्पीकर नेमके कुठे लावायचे?

आपल्याकडे सर्रास होणारी चूक म्हणजे पाचही स्पीकर स्लॅबला लागून चार कोपऱ्यांत, हॉटेलात लावतात तसे. त्यामुळे वायरी नीट लपतात, मुलांचे हात पोचत नाहीत आणि आवाजाचा सत्यानाश होतो. देवळाच्या कर्ण्यासारखा वरून आवाज येतो आणि पडद्यावरचा माणूस खाली ओठ हलवत राहतो.

पुढचे दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, बसल्यावर कान येतो त्या उंचीवर, तोंड तुमच्याकडे. तुम्ही आणि ते दोन असा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, निदान त्याच्या जवळपास. सेंटर टीव्हीच्या खाली किंवा वर, कानाकडे कललेला. मागचे दोन तुमच्या बाजूंपासून जरा मागे, कानाच्या पातळीला किंवा फूट-दीड फूट वर.

लहान हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेलाच असतो, मग मागचे ठेवणार कुठे? बाजूच्या भिंतींवर, सोफ्याच्या टोकांना लावा. भिंतीवर डोक्यामागे चिकटवलेले स्पीकर कानात ओरडतात. आणि जमलं तर सोफा भिंतीपासून फूटभर तरी पुढे ओढा. त्याचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

७. आवाज मोठा आहे, पण पोकळ वाटतो. बेस नाही, गायक कुठे उभा आहे तेही कळत नाही.

हा माझा आवडता बिघाड, कारण दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात आणि गिऱ्हाइकाला चमत्कार वाटतो. एका स्पीकरच्या वायरी उलट लागल्या आहेत. लाल ठिकाणी काळी, काळ्या ठिकाणी लाल. असं झालं की डाव्या स्पीकरचा पडदा (पुढचा हलणारा भाग) बाहेर येतो तेव्हा उजव्याचा आत जातो, आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर दोन्ही वाजत असतात, म्हणून कुणाला संशय येत नाही.

मला नावं ठेवायचा हक्क नाही. माझ्या स्वतःच्या घरी डावा स्पीकर सहा महिने उलटा होता. रंगकाम झाल्यावर घाईत जोडला आणि मग रोज टीव्हीच्या सेटिंगला शिव्या घालत बसलो.

तपासायची पद्धत. बातम्या वाचणाऱ्या माणसाचा आवाज पुढच्या दोन स्पीकरांवरच लावा आणि बरोबर मध्ये बसा. आवाज दोघांच्या मधून, एका ठिकाणाहून आला तर जोडणी बरोबर. डोक्याभोवती पसरल्यासारखा, कुठूनच येत नसल्यासारखा वाटला तर एकाच स्पीकरच्या वायरी उलटवा आणि परत ऐका. फरक लगेच कळतो.

वायरीवर रंग किंवा रेघच नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढा. मशीन बंद करून वायर मशीनकडून सोडवा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. मोठ्या पडद्यावर हलकं बोट ठेवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार लाल खुणेची. आत गेला तर उलट. क्षणभरच टेकवायचं, धरून बसायचं नाही. ट्वीटरवर, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर, ही युक्ती दिसत नाही. पाचही स्पीकरांचं करा, सेंटर धरून.

८. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवतो, तेवढ्यात मारामारी लागते आणि घर हादरतं. दर दोन मिनिटांनी रिमोट हातात!

१८४३ मध्ये याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं तेव्हा माइक नव्हता, आणि आज सहा स्पीकर असून नायिका काय म्हणाली ते कळत नाही. याला एक कारण नसतं, चार-पाच एकत्र येतात.

चित्रपटात संवाद जवळजवळ पूर्ण सेंटरमधून येतात. तो सेंटर शोकेसच्या फळीत आत ढकललेला असतो, पुढे गणपतीची मूर्ती आणि पोरांची ट्रॉफी. त्याला फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. खाली पुस्तक किंवा रबराचा तुकडा घालून तोंड वर, कानाकडे करा. मग स्पीकर लेव्हलच्या मेनूत फक्त सेंटर दोन ते चार डेसिबलने वाढवा. बरीच घरं इथेच शांत होतात.

चित्रपटगृहासाठी केलेल्या आवाजात कुजबूज आणि स्फोट यांतलं अंतर मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं. घरात ते अंतर कमी करायला ‘नाइट मोड’, ‘मिडनाइट’ किंवा ‘डीआरसी’ असा खटका असतो. रात्री तो चालू ठेवा. दिवसा मोकळ्या आवाजात बघायचं असेल तर बंद करा, नाहीतर सगळंच सपाट लागतं.

तुमच्याकडे सेंटर स्पीकर नसेलच, दोन स्पीकर आणि वूफर एवढंच असेल, तर मशीनच्या मेनूत ‘सेंटर: नाही’ असं सांगावं लागतं. नाहीतर ते संवाद नसलेल्या स्पीकरकडे पाठवत राहतं आणि तुम्हाला नुसतं पार्श्वसंगीत ऐकू येतं.

घरात वयस्कर माणसं असतील तर आणखी एक गोष्ट. वयाबरोबर कान वरचे सूर आधी सोडतो, आणि स, श, फ, त ही व्यंजनं तिथेच असतात. आजोबांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. त्यांच्यासाठी नुसता आवाज वाढवून उपयोग होत नाही. बेस कमी, ट्रेबल थोडा जास्त करून बघा. आणि हॉल घुमत असेल तर प्रश्न ११ आधी सोडवा, घुमणाऱ्या खोलीत कुठलाच सेंटर चालत नाही.

९. सोफ्यावर बसलं की वूफर नुसता घूंऽऽ करतो, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की बेस एकदम मस्त. वूफर बदलावा लागेल का?

वूफर चांगला आहे, खोली खेळ करतेय. खालच्या सुरांच्या लाटा लांब असतात. समोरासमोरच्या दोन भिंतींत एखादी लाट बरोबर अर्धी मावली की ती तिथेच उभी राहते. बारा फुटांच्या खोलीत हे सुमारे ४७ हर्ट्झला होतं, दहा फुटांच्या खोलीत ५६ ला. त्या सुराला भिंतीजवळ ढीग लागतो आणि खोलीच्या मध्यावर खड्डा पडतो. दहा बाय दहाची खोली, वर दहा फुटांवर स्लॅब, असली चौकोनी डबी सगळ्यांत वाईट. तिन्ही दिशांना तोच एक सूर घुमतो.

म्हणून भिंतीला टेकलेला सोफा बेस फुगवतो. आणि कोपऱ्यात ठेवलेला वूफर सगळेच सूर जोरात उठवतो. काहींना ते आवडतं, पण ढोल आणि तबल्याचा डग्गा यांतला फरक त्यात राहत नाही.

उपाय विचित्र आहे, पण चालतो. वूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. खालच्या सुरांची सलग चाल असलेलं गाणं लावा. मग गुडघ्यांवर बसून, कान जमिनीजवळ नेऊन भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे प्रत्येक सूर सारखा, स्वच्छ ऐकू येतो, तिथे वूफर ठेवायचा. घरचे हसतात, हसू द्या. जागा अडचणीची निघाली तर त्यातल्या त्यात दुसरी निवडा. एकदोन फुटांनीही बराच फरक पडतो. त्यानंतरच मागचं व्हॉल्यूमचं बटण फिरवा, आणि वूफर ‘वाजतोय’ हे कळणार नाही इतकं ठेवा. बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

१०. मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ की ‘लार्ज’ असं विचारतो. माझे टॉवर मोठे आहेत, लार्जच ना?

नाही. हा प्रश्न उंचीचा नाही. स्मॉल म्हणजे ठरावीक सुराखालचा सगळा बेस वूफरकडे पाठव. घरगुती स्पीकरांना स्मॉल आणि ८० हर्ट्झ ही सुरुवात ठीक. मुठीएवढे छोटे स्पीकर (सॅटेलाइट) असतील तर १२० किंवा १५०, नाहीतर पुरुषी आवाजाची छाती हरवते. वूफरच्या मागे वेगळं क्रॉसओव्हरचं, म्हणजे सुरांची हद्द ठरवणारं, बटण असेल तर ते शेवटपर्यंत वर न्या, म्हणजे दोनदा गाळणी लागत नाही. ‘फेज’चं बटण ०/१८० असं असतं. दोन्हीकडे करून बघा, ज्यात सोफ्यावर बेस भरीव वाटेल ते ठेवा.

११. नवीन बंगल्यात टाइल, काच, पीओपी सगळं केलं. आता टाळी वाजवली तरी घुमते. जुन्या घरात हाच सेट छान वाजायचा.

मिरजेच्या सतारमेकरांकडे कधी गेलात तर बघा, तार निवडण्याआधी भोपळ्यावर किती वेळ जातो. तार सूर देते, भोपळा त्याला आवाज देतो. होम थिएटरच्या बाबतीत तुमचा हॉल हा भोपळा आहे, आणि तुम्ही तो चकचकीत टाइल आणि काचेचा केलाय.

जुन्या वाड्याचा सोपा वेगळा होता. मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, कोनाडे, भिंतीला लागून गाद्यांची वळकटी. आवाज परत यायला टणक सपाट जागाच नव्हती. त्या काळी कुणी ध्वनिशास्त्र म्हणून हे केलं नाही, पण खोली बोलायला गोड होती.

आता करायचं काय? हजारो रुपयांचे फोमचे तुकडे भिंतीला चिकटवू नका, विशेषतः अंड्याच्या ट्रेसारखे पातळ. ते फक्त वरचे सूर खातात आणि आवाज कोंदट होतो. टीव्ही आणि सोफ्याच्या मधल्या फरशीवर जाड जाजम किंवा सतरंजीवर सतरंजी घाला. माणदेशी घोंगडी भिंतीवर टांगली तर दिसतेही छान, भिंतीपासून दोन-चार बोटं सुटी ठेवली तर जास्त काम करते. काचेच्या खिडकीला जाड कापडाचा, चुण्या असलेला पडदा. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. एवढ्यावर टाळी ‘टण्ण’ ऐवजी ‘टप’ वाजायला लागते. बेसची घूं मात्र पडद्याने जात नाही, त्याला प्रश्न ९.

१२. सेटबरोबर छोटा माइक आला होता. तो लावून आपोआप सेटिंग केलं, तरी आवाज बिघडलाच.

माइक कुठे ठेवला होता? सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवला की मोजणी चुकते. तिकाटण्यावर, कानाच्या उंचीवर, तुम्ही बसता त्याच जागी. पंखा, कूलर, फ्रिज शक्य तितकं बंद, आणि बाहेरून भाजीवाल्याची गाडी जात असेल तर जाऊ द्या. मोजणीनंतर सेंटर आणि वूफर हाताने थोडे बदलायला हरकत नाही. वायर उलटी असल्याचा इशारा आला तर आधी प्रश्न ७.

१३. काही लावलेलं नसतानाही स्पीकरमधून ‘घुंईऽऽ’ असा आवाज येत राहतो.

आपली वीज ५० हर्ट्झची, ती गुणगुणतेय. आधी सेट-टॉप बॉक्सची मागची गोल केबल काढा. घुंई थांबली तर केबलवाल्याच्या तारेतून आणि घरच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरतेय. टीव्ही, बॉक्स आणि होम थिएटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर टीव्ही ते होम थिएटर ऑप्टिकल केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे फेरा तुटतो.

केबल काढूनही घुंई राहिली तर लाल-पांढऱ्या पिना काढून बघा. पिनेची बाहेरची कडी सैल असेल तर नेमका हाच आवाज येतो. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर घुंई कमी होत असेल तर घरात अर्थिंगच नाही असं समजा. जुन्या घरांत तिसरं भोक असतं, आत तार जोडलेली नसते. वायरमनला बोलवा. तिसरी पिन कापून घुंई घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या पिनेवर तुमच्या घरच्यांचा जीव आहे.

१४. लाइट गेली की इन्व्हर्टरवर होम थिएटर करकर करतं. आणि मळ्यातल्या घरी संध्याकाळी आवाजात दमच नसतो.

जुना किंवा स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाटेची वीज देतो, ट्रान्सफॉर्मर असलेल्या मशीनमध्ये ती करकर बनून ऐकू येते. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास नाही.

मळ्यातली गोष्ट व्होल्टेजची. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकदही पडते. मोठ्या आवाजात तो फाटतो. मल्टीमीटरने मोजून बघा. नेहमीच कमी येत असेल तर स्टॅबिलायझर लावा, तोपर्यंत आवाज बेताने.

१५. थोडा आवाज वाढवला की मशीन आपोआप बंद पडतं, ‘प्रोटेक्ट’ असं येतं.

मशीन स्वतःला वाचवतंय. मागे स्पीकरच्या वायरीचा एखादा सुटलेला केस शेजारच्या टर्मिनलला टेकलाय का, ते विजेरी घेऊन बघा. मग वर काय आहे ते बघा. क्रोशाचा रुमाल किंवा सेट-टॉप बॉक्स मशीनवर ठेवला की गरम हवा जायची जाळी बंद होते. आतला पंखा धुळीने किंवा झुरळांनी अडलेला असतो. ऊब असल्याने झुरळांना तो वाडाच वाटतो. एका टर्मिनलला दोन स्पीकर जोडले असतील तर एक काढा. आठ ओहमचे दोन समांतर लावले की चार होतात, चारचे दोन लावले तर दोन, आणि ते घरगुती मशीनला झेपत नाही.

१६. भारी वायर घेतली तर आवाज सुधारतो का?

जाड, शुद्ध तांब्याची घ्या, भारी नको. दहा मीटर लांबीला अर्ध्या एमएमची पातळ वायर जाऊन-येऊन सुमारे ०.७ ओहम अडवते, दीड एमएमची सुमारे ०.२३. चार ओहमच्या स्पीकरला हा फरक कळतो. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर बाजारात भरपूर आहे, टोक खरवडलं की आत पांढरी दिसते. पावसाळ्यानंतर टोकं हिरवी-काळी पडली असतील तर अर्धा इंच कापून नव्याने सोला. माळ्यावरून नेली असेल तर उंदरांकडेही बघा.

१७. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.

ब्लूटूथने जोडलंय का? मग हे होणारच. वर ब्लूटूथवर ५.१ मिळत नाही, तेव्हा वायरच लावा. वायर असूनही होत असेल तर टीव्हीत ‘ऑडिओ डिले’ शून्य करा. उलटं, आवाज आधी आणि ओठ नंतर असेल तर चित्रावर जास्त प्रक्रिया होतेय. तेव्हा चित्र चकचकीत करणारी सगळी सेटिंगं बंद करून ‘गेम’ मोडवर बघा, नाहीतर होम थिएटरचा डिले थोडा थोडा वाढवत जुळवा.

१८. अ‍ॅटमॉसचा साउंडबार घेतला, वरून आवाज येतच नाही. घर पत्र्याचं आहे.

यात तुमची चूक नाही, पण फसगत झाली खरी. असल्या साउंडबारमध्ये वर तोंड केलेले स्पीकर असतात, आवाज छताला आपटून खाली येतो. त्यासाठी सपाट, टणक, साधारण आठ ते बारा फुटांवरचं छत लागतं. उतरता पत्रा किंवा कौलं आवाज भलतीकडे फेकतात, आणि पावसात पत्राच अ‍ॅटमॉस होतो. वर खरेच दोन छोटे स्पीकर टांगता येणारा सेट अशा घराला योग्य. बाजूच्या भिंतीवरून आवाज फेकणाऱ्या बारचंही तसंच. एका बाजूला भिंतीऐवजी उघडा पॅसेज असेल तर ती बाजू गेली.

१९. पेटीवर १०,००० वॉट लिहिलंय. मग डॉल्बीसारखी छाती का थरथरत नाही?

आपल्याकडे ‘डॉल्बी’ म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची भिंत. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरचा फुसफुस आवाज कमी करायला. ज्याने आयुष्य गोंगाट काढण्यात घालवलं त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं. तर होम थिएटरवरचं ‘डॉल्बी’ म्हणजे आवाज भरण्याची-उलगडण्याची पद्धत, ताकद नव्हे.

१०,००० हा आकडा ‘पीएमपीओ’चा असतो आणि त्याला काही ठरलेलं मोजमाप नाही. खरं बघायचं तर मशीनच्या मागच्या पट्टीवर ‘पॉवर कन्झम्प्शन’ वाचा. तिथे ६० वॉट लिहिलं असेल तर स्पीकरला त्याहूनही कमी मिळणार. आरएमएस आकडा, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, विचारायचा. तोही दुप्पट झाला तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते. म्हणून ४० वॉटवरून ८० वर जाऊन निराश होणारे पुष्कळ भेटतात. ज्या स्पीकरची संवेदनशीलता (ठरावीक ताकदीत तो किती जोरात वाजतो ते) ८५ ऐवजी ९१ डेसिबल आहे, तो एक चतुर्थांश ताकदीत तेवढाच वाजतो. हा आकडा कुणी विचारत नाही.

आणि छाती थरथरवायचीच असेल तर खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करा. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. वूफरखाली जाड रबर घातला तर स्लॅबमधून जाणारी धडधड थोडी कमी होते, हवेतली होत नाही.

२०. २०१९ च्या पुरात स्पीकर बुडाले होते, वाळवून माळ्यावर ठेवले. आता लावू का?

आधी वीज लावू नका. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. चुंबकाच्या फटीत तो बसतो, वर गंज चढतो आणि कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) घासायला लागते. खोकं भुसा दाबून केलेल्या फळीचं असेल तर ते फुगून कडा उलगडल्या असतील. ते पूर्ववत होत नाही, पण आतला स्पीकर वाचला असेल तर नव्या खोक्यात बसतो. मशीन उघडून, स्वच्छ करून, ट्रान्सफॉर्मरची तपासणी झाल्याशिवाय प्लगला लावायचं नाही. पुन्हा कधी भिजलेच तर सावलीत पंख्याखाली वाळवा, कडक उन्हात कागदी पडदा वाकडा होतो. २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी घाईने चालू केलं त्यांची मशीनं माझ्या बाकावर आली ती जळूनच. ज्यांनी दोन आठवडे कळ काढली त्यांतली काही अजून वाजतायत.

२१. हे सगळं करून झालं. स्पीकरच गेलाय हे कसं ओळखू?

मशीन बंद करून जाळी काढा. पडद्याच्या मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना दोन अंगठे ठेवून अगदी हलकं आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मल्टीमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा दाखवतो, ते ठीक. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. पडद्याभोवतीची फोमची कड दहा-पंधरा वर्षांत चुरा होऊन पडते, बोट लावलं की काळा भुगा हाताला लागतो. अशा वेळी स्पीकर फेकू नका, नुसती कड बदलून मिळते. मोठ्या वूफरचा पडदा आणि कॉइलही बदलता येते, डीजेवाल्यांमुळे आपल्या भागात ते काम करणारे कमी नाहीत. मुठीएवढ्या सॅटेलाइटला मात्र दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. त्याच ओहमचा दुसरा बघा, आणि बसवताना लाल-काळी तार तपासून बसवा.